'भिंतीवर' आणि 'भिंतीला' : वांद्र्यातील एका चित्रफेरीविषयी

रस्त्यावरील भिंतीचित्रांचे कलादृष्ट्या मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखकाचा प्रांत नव्हे. रंग, रेषा, अवकाशाची मांडणी ह्यांविषयी जे बोलावयाचे ते त्या विषयातील जाणकारांनी बोलावे. परंतु ही चित्रे अलीकडे नुसती पाहिली जात नाहीत; ती दाखविली जातात. ठरलेल्या दिवशी, ठरलेले शुल्क घेऊन, एक मार्गदर्शक दहाबारा मंडळींना गल्लीबोळांतून हिंडवितो आणि प्रत्येक भिंतीपुढे थांबून काही बोलतो. हे जे बोलणे, ती एक भाषिक कृती आहे, आणि तिचे परीक्षण करावयास भाषेच्या अभ्यासकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. वांद्रे येथील अशा एका फेरीत मी एका डिसेंबरात सामील झालो होतो. त्या दोन तासांच्या मौखिक संहितेचा विचार, एवढाच ह्या लेखाचा विषय होय.

प्रथम नावाचा प्रश्न. ह्या हिंडण्याला मराठीत अजून स्थिर संज्ञा मिळालेली नाही. 'सहल' म्हणावे तर तीत डबे आणि सतरंजी डोळ्यांपुढे येते. 'प्रदक्षिणा' म्हणावे तर मध्ये देव हवा. वृत्तपत्रांनी जुन्या इमारती पाहण्याच्या उपक्रमाला 'वारसा फेरी' म्हणावयास सुरुवात केली आहे. त्याच धर्तीवर येथे 'चित्रफेरी' हा शब्द योजतो. शब्द नवा असला तरी प्रकार आपल्याला अपरिचित नाही. मुनि व्यास कोठी यांच्या नावावर असलेली महानुभावांची 'स्थानपोथी' ही एका अर्थाने मार्गदर्शकाची वहीच आहे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने पुढील पिढ्यांना ओळखता यावीत म्हणून तीत देऊळ कोणते, दार कोणत्या दिशेला, कोणत्या बाजूस काय, हे आधी सांगितलेले असते, आणि मग तेथे काय घडले ते. आधी स्थान, मग लीळा, असा तो क्रम आहे. हा क्रम वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण आजच्या चित्रफेरीत तो नेमका उलटला आहे. इतका की लीळा तेवढी शिल्लक राहून स्थान गळून गेले आहे.

आमच्या फेरीची सुरुवात हिल रोडकडून चॅपेल रोडला वळल्यावर झाली. तेथून रानवरच्या अरुंद गल्ल्यांत शिरावयाचे आणि अखेर रेक्लमेशनकडे बाहेर पडावयाचे, असा मार्ग होता. रानवर ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी एक. कोकणात 'पाखाडी' म्हणजे दगडांनी बांधून काढलेली वाट. वांद्र्यात हाच शब्द वस्तीला लागला. येथील मूळ रहिवासी ईस्ट इंडियन ख्रिस्ती होत. ईस्ट इंडिया कंपनीशी असलेला जुना संबंध सांगणारे हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, धारण केले. नाव इंग्रजी असले तरी घरातील भाषा मराठीचीच एक बोली. ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) 'किरिस्ताव' ह्या शीर्षकाखाली ठाण्याकडील ख्रिस्ती समाजाच्या बोलीची नोंद सापडते. सारांश, ज्या गल्लीत आम्ही चित्रे पाहावयास उभे होतो ती मराठीच्या अभ्यासकाला परकी असावयाचे कारण नव्हते. फेरीची भाषा मात्र इंग्रजी होती, मधूनमधून हिंदीची फोडणी दिलेली. मराठीचे एक वाक्यही त्या दोन तासांत मार्गदर्शकाच्या तोंडून आले नाही. ह्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. आमच्या अकरा जणांत मराठी भाषक आम्ही दोघेच होतो, आणि दुसरे गृहस्थही माझ्याशी इंग्रजीतच बोलले.

मार्गदर्शक तरुण होता, अभ्यासू होता, आणि विषयावर त्याचे प्रेम होते, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. त्याने सांगितलेल्या माहितीत उथळपणा नव्हता. ह्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस 'द वॉल प्रोजेक्ट' ह्या उपक्रमाने चॅपेल रोडच्या भिंती कशा रंगू लागल्या, २००९ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या संमतीने तुळशी पाइप रस्त्याची लांबलचक भिंत शेकडो हातांनी कशी रंगविली, हे त्याने नेमकेपणाने सांगितले. २०१२ मध्ये रणजित दहिया यांनी 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' आरंभिला आणि 'अनारकली' (१९५३) ह्या चित्रपटाच्या भित्तिपत्रकावरून पहिले चित्र चॅपेल रोडवर काढले. त्याविषयी बोलताना तर तो खरोखरच रंगला. लहान चित्रावर चौकोन पाडून तेच चौकोन भिंतीवर मोठे करावयाचे आणि एकेका घरातील रेषा तिकडे न्यावयाची, ही चित्रपटांचे फलक रंगविणाऱ्यांची जुनी युक्ती त्याने हाताने हवेत घरे आखून समजावून दिली. बीना राय यांचा चेहरा भिंतीएवढा झाल्यावर डोळ्यांचे काय होते, ते जवळून का दिसत नाहीत आणि पलीकडच्या पदपथावर गेल्यावरच का दिसतात, हे त्याने आम्हाला रस्ता ओलांडावयास लावून दाखविले. समीक्षेचे काम ह्याहून वेगळे असते असे मला वाटत नाही.

येथे एक शब्द मात्र त्याने सारखा वापरला, आणि तो मला अडला. तो शब्द म्हणजे 'आर्टिस्ट'. मराठीत ह्या जागी दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. 'चित्रकार' हा प्रदर्शनात असतो. 'पेंटर' हा नाक्यावर. दुकानाची पाटी, ट्रकच्या मागची वेलबुट्टी, निवडणुकीची घोषणा, गणपतीच्या मंडपाचा पडदा ही पेंटराची कामे. हा शब्द आपण इतका आपलासा केला की तो माणसाच्या नावामागे आडनावासारखा बसला. कोल्हापूरच्या बाबुराव मेस्त्रींना (१८९०–१९५४) सारा महाराष्ट्र बाबुराव पेंटर म्हणूनच ओळखतो, आणि ह्या एका माणसात पडदे रंगविणारा, कॅमेरा जुळविणारा, चित्रपट निर्माण करणारा आणि त्या चित्रपटांची भित्तिपत्रके काढणारा असे सगळेच नांदत होते. मकबूल फिदा हुसेन हेही मुंबईत आरंभी चित्रपटांचे फलक रंगवीत असत. मार्गदर्शकाने 'आर्टिस्ट' म्हटल्यामुळे ही सगळी परंपरा एका शब्दात वर उचलली गेली, असे कोणी म्हणेल. आणि त्यात तथ्यही आहे. पण उचलताना तिचे मूळ तुटले. डिजिटल छपाईचे फलक आल्यावर ज्या पेंटरांचे हात थांबले, त्यांच्याविषयी आमच्या फेरीत चकार शब्द निघाला नाही. त्यांच्या युक्तीचे वर्णन झाले, त्यांचे झाले नाही.

रणजित दहिया यांच्याविषयी मात्र एक गोष्ट त्याने सांगितली आणि सांगून तो पुढे गेला. हरयाणातील आपल्या गावी त्यांनी आरंभी भिंतींना सफेदी करण्याचे काम केले होते. ही गोष्ट गरिबीतून वर आलेल्या माणसाची कथा म्हणून सांगितली गेली, आणि मंडळींनी कौतुकाने माना डोलावल्या. मला ती थोड्याच वेळाने निराळ्या कारणाने आठवावयाची होती.

रानवरमधील एका बैठ्या घरापाशी आम्ही थांबलो. कौलारू छप्पर, पुढे लाकडी कठड्याची पडवी, आणि गल्लीकडच्या आंधळ्या भिंतीवर एका स्त्रीचे उंच चित्र. चित्रकर्त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढील मजकुराचा त्याच्याशी संबंध नाही. मार्गदर्शक म्हणाला, ही भिंत वर्षानुवर्षे कोरी होती; मग एका कलावंताला तीत कॅनव्हास दिसला, आणि भिंतीला जीव आला. वाक्य घोटून तयार केलेले होते, हे त्याच्या लयीवरून कळत होते. पडवीत एक वयस्क बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता घरातील कोणाला तरी उद्देशून त्यांच्या बोलीत दोन वाक्ये म्हटली. मला त्यातले दोनच शब्द स्पष्ट ऐकू आले : 'पानी' आणि 'काला'. 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' हे उत्तर कोकणातील बोलींचे सुपरिचित लक्षण. मंडळी पुढे सरकली. मी मागे रेंगाळलो.

मी आरंभी मराठीत बोललो तरी बाईंनी उत्तर इंग्रजीतच दिले. चित्रे पाहावयास आलेल्या माणसाशी बोलावयाची ती भाषा, हे त्यांच्या अंगवळणी पडले असावे. मी भिंतीला पूर्वी चुना कधी देत असत असे विचारले तेव्हा कोठे त्या बोलीवर आल्या. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा. पावसाने कळकटलेली भिंत त्याआधी घासावयाची, चुन्यात थोडी नीळ घालावयाची, आणि कुंच्याने दोन हात द्यावयाचे, हा त्यांच्या सासूपासूनचा परिपाठ. आठ तारखेच्या आत भिंत पांढरी झाली पाहिजे. चित्र आले ते त्यांच्या पुतण्याला विचारून आले, आणि त्यांनाही ते आवडले. तक्रार चित्राविषयी नव्हती. परंतु त्यानंतर चुना थांबला. चुन्याच्या गिलाव्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते; वर प्लास्टिकच्या रंगाचा थर बसला की ती ओल आत कोंडते. पानी भितीत राहून आतली बाजू काली पडली, असे त्या म्हणत होत्या. खाटेच्या उशाशी असलेला डाग त्यांनी मला आत नेऊन दाखविला.

ह्या संभाषणात माझे लक्ष वेधून घेतले ते एका लहानशा व्याकरणिक भेदाने. मार्गदर्शकाच्या संपूर्ण निवेदनात भिंत ही सदैव अधिकरण म्हणून येते. चित्र भिंतीवर काढले, संदेश भिंतीवर लिहिला, इतिहास भिंतीवर उतरला. कर्ता चित्रकार, कर्म चित्र, आणि भिंत म्हणजे ज्याच्या वर हे घडते तो पृष्ठभाग. बाईंच्या बोलण्यात भिंतीनंतर एकदाही 'वर' आले नाही. भिंतीला चुना दिला. भिंतीला ओल आली. भिंतीला ऊन लागत नाही. प्रमाण मराठीतही पाहा : भिंतीला पोपडे येतात, भिंतीला तडा जातो, भिंतीला गिलावा करतात, भिंतीला कान असतात. उलट भिंतीवर घड्याळ असते, दिनदर्शिका असते, पाल असते. 'वर' हे शब्दयोगी अव्यय भिंतीकडे आधार म्हणून पाहते. 'ला' हा प्रत्यय तिला काही मिळते, लागते, होते असे सांगतो.

अपवाद सुचतील, आणि ते सुचावेत. भिंतीला तसबीर लावतात, भिंतीला पाठ टेकतात. ह्यांत भिंतीचे काही होत नाही. विभक्तिप्रत्ययावरून तत्त्वज्ञान उभारण्याचा मोह आपल्या विद्याशाखेत जुना आहे, आणि एम. ए.च्या विद्यार्थ्यांना मी त्यापासून दूर राहावयास सांगत असतो. म्हणून दावा मर्यादित करतो. रंग देणे ह्या अर्थाच्या क्रियापदांपुरता हा भेद पक्का आहे : 'भिंतीला रंग दिला' आणि 'भिंतीवर रंग लागला' ह्या दोन वाक्यांत पहिले काम आहे, दुसरा अपघात. भिंतीला रंग देणाऱ्याने भिंतीची काळजी घेतलेली असते, हे मराठी भाषक न सांगता जाणतो. चित्रफेरीच्या भाषेला हा पहिला वाक्यप्रकार उपलब्धच नव्हता. गावी सफेदी करणारा मुलगा पुढे मोठा चित्रकार झाला ही गोष्ट 'भिंतीला'कडून 'भिंतीवर'कडे झालेला प्रवास म्हणून सांगता आली असती. सांगितली गेली ती केवळ हलक्या कामाकडून थोर कामाकडे झालेला प्रवास म्हणून.

'कोरी' ह्या विशेषणाचाही विचार करावयास हवा. कॅनव्हास कोरा असतो कारण तो चित्रासाठीच ताणलेला असतो. घराची भिंत तशी कधीच नसते. त्या एका गल्लीत मी परतताना सहज पाहिले : पत्रे पेटीत टाकावीत अशी सूचना, दारासमोर वाहन उभे न करण्याविषयी दोन भाषांतील विनंती, घराचे नाव, बांधणीचे साल, विजेच्या मीटरचे आकडे, आणि कोपऱ्यावर एक क्रूस. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत आणि वांद्र्यात असे क्रूस ठिकठिकाणी उभारले गेले. त्यांतील काहींवर साल आणि उभारणाऱ्यांची नावे कोरलेली आढळतात. म्हणजे कर्ता, काळ आणि प्रयोजन ह्या ज्या तीन गोष्टी मार्गदर्शक प्रत्येक चित्राविषयी आवर्जून सांगत होता, त्या तिन्ही बाळगणारी, रस्त्यावर उभी असलेली आणि त्या चित्रांहून शंभरएक वर्षांनी जुनी वस्तू त्याच्या पाठीशी होती. फुले ताजी होती, म्हणजे तिचे वाचकही हयात होते. आमच्यापैकी एकाने छायाचित्र नीट यावे म्हणून तिच्या चौथऱ्यावर पाय ठेवला.

ह्या ठिकाणी कोणी म्हणेल की मार्गदर्शकाला चित्रे दाखवावयाची होती, क्रूस नव्हे. आंब्याच्या बागेत जाऊन फणसाची चौकशी कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु चित्रफेरी स्वतःविषयी जो दावा करते तो ह्याहून मोठा आहे. संग्रहालयाच्या बंद दालनातून कला रस्त्यावर, लोकांत आली, हे वाक्य त्या सकाळी तीनदा उच्चारले गेले. लोकांत आलेली कला समजून द्यावयाची तर लोक कोठे बसले आहेत ते पाहावे लागेल. वस्तुतः झाले असे की संग्रहालयाची सगळी भाषा, म्हणजे कर्त्याचे नाव, साल, माध्यम, शैली, ही रस्त्यावर आली आणि तिने रस्त्यालाच दालन केले. दालनात भिंतीविषयी बोलण्याची चाल नसते. तेथे भिंत पांढरी आणि मुकी असणे हेच अपेक्षित असते.

आपल्याकडे ह्याहून निराळी भाषा आहे, आणि ती शोधावयास फार दूर जावे लागत नाही. डहाणू-तलासरीकडे वारली घरांत लग्नाचा चौक काढतात त्याला 'लिहिणे' म्हणतात. 'चित्रलिखित' ह्या शब्दात प्रमाण मराठीनेही तो जुना अर्थ जपून ठेवला आहे. कुडाच्या भिंतीला आधी सारवण होते, गेरू होतो, आणि मग तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. म्हणजे 'ला' आणि 'वर' दोन्ही, त्याच क्रमाने. तो चौक टिकावा अशी कोणाची अपेक्षा नसते. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाते.

शासनाची परिभाषा तर आणखीच मनोरंजक. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९९५ चा आहे; त्याच्या दृष्टीने परवानगीवाचून भिंत रंगविणे हे 'विद्रूपण'. २०२२ च्या अखेरीस मुंबई महापालिकेने हाती घेतलेल्या मोहिमेचे नाव 'सुशोभीकरण'. तीतही भिंती रंगल्या. ब्रश तोच, डबा तोच. शब्द बदलतो तो परवानगीच्या कागदामुळे. हे दोन शब्द आणि चित्रफेरीतील 'आर्ट' मिळून भिंतीविषयीचा आपला सगळा सार्वजनिक शब्दसंग्रह होतो. जिच्या उशाशी ओल येते तिला ह्यांतील एकही शब्द उपयोगी पडत नाही.

फेरीचा शेवट रेक्लमेशनजवळ टेलिफोन निगमच्या इमारतीपाशी झाला. तिच्यावर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके यांचे अवाढव्य चित्र रंगविले गेले. 'स्टार्ट इंडिया' ह्या संस्थेने ते घडवून आणले आणि रंगविणाऱ्यांत रणजित दहियाही होते. मार्गदर्शकाने येथे फाळक्यांविषयी उत्तम सांगितले : त्र्यंबकेश्वरचा जन्म, जे. जे. कला शाळेतील शिक्षण, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. सरकारी कचेरीच्या उंच, निर्विकार भिंतीला त्याची भाषा चपखल बसली. ती भिंत कोणाच्या उशाशी नव्हती. मला वाटते, ही फेरी येथूनच सुरू व्हावी आणि रानवरला संपावी. मग निदान भिंती-भिंतींतला फरक पायांना तरी कळेल.

पुढील सप्टेंबरात, जत्रेच्या आठवड्यात, विभागातील दोन विद्यार्थिनींना घेऊन मी पुन्हा रानवरला गेलो. बोलीचे ध्वनिमुद्रण करावयाचे होते, आणि बाईंनी त्याला आनंदाने संमती दिली होती. गल्लीकडच्या भिंतीवर ती स्त्री होती, पण गुडघ्यांपर्यंतच. खाली जमिनीपासून माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत रंग खरवडून काढलेला होता, आणि तेथे नीळ घातलेल्या चुन्याचा ताजा पट्टा होता. आम्ही पडवीत बसलो असतानाच बाहेर एक नवी तुकडी आली. मार्गदर्शक निराळा होता. चित्राची खालची बाजू कोणीतरी बिघडविली आहे, असे तो इंग्रजीत म्हणाला, आणि वरचा भाग पाहण्यासाठी त्याने मंडळींना दोन पावले मागे घेतले. बाईंनी ते ऐकले. त्या हसल्या, आणि मुलींना मासळीच्या नावांविषयी जे सांगत होत्या ते पुढे सांगू लागल्या.

ध्वनिफितीत त्या दिवसाचे साधारण सत्तर शब्द मिळाले. चुन्याच्या त्या पट्ट्याला त्यांच्या बोलीत काय म्हणतात, ते विचारावयाचे मात्र राहून गेले.